गुरुचरित्राचा ४७वा अध्याय आणि आजचा नागरिक

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या सप्ताहात आपल्यापैकी पुष्कळजण गुरुचरित्राचे पारायण करतात. सात दिवसांत सगळा ग्रंथ पुरा करायचा म्हणजे वाचनाला वेग ठेवावा लागतो, आणि वेगात काही गोष्टी निसटून जातात. शेवटच्या दिवशी येणारा ४७वा अध्याय त्यांपैकीच एक. गाणगापूरच्या पर्वतेश्वर नावाच्या शेतकऱ्याची ही कथा आहे. श्रीगुरूंच्या शब्दावर त्याने उभे पीक कापले आणि पुढे त्याला शतपट पिकले, एवढे आपल्याला पाठ असते. पण त्या कथेत एक सरकारी अधिकारी आहे आणि एक लेखी करारही आहे, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

मी काही शास्त्री-पंडित नाही. बी.कॉम. झालो, बँकेत कारकून म्हणून लागलो आणि काउंटरवरच निवृत्त झालो. त्यामुळे कागद, सही आणि हिशेब दिसला की माझी नजर तिथे थांबते. हा अध्याय अभ्यासाला घेतला त्याला आणखी एक कारण आहे. २०२५ हे वर्ष साधे गेले नाही. २२ एप्रिलला पहलगामला २६ निरपराध माणसांना मारले. ७ मेच्या पहाटे आपल्या सैन्याने ऑपरेशन सिंदूर केले. १० मेला गोळीबार थांबला. आणि वर्ष सरता सरता नगरपालिकांच्या निवडणुका आल्या. युद्ध आणि निवडणूक या दोन वेळी समाजाचा खरा स्वभाव बाहेर येतो. तो स्वभाव तपासायला हा अध्याय फार उपयोगी आहे, असे मला वाटते.

कथा थोडक्यात

पर्वतेश्वर गाणगापूरचा कष्टकरी शेतकरी. श्रीनृसिंहसरस्वती रोज संगमावर अनुष्ठानाला जात. वाटेत याचे शेत. हा काम टाकून धावत यायचा, नमस्कार करायचा आणि परत कामाला लागायचा. एके दिवशी श्रीगुरूंनी त्याला शेतातला जोंधळा कापून टाकायला सांगितले. पीक अजून तयार झालेले नव्हते.

शेत कापायचे तर आधी सरकारी अधिकाऱ्याची परवानगी हवी, कारण त्याचा वाटा त्या पिकात होता. अधिकारी म्हणाला, कोवळे पीक कापून तू देणार काय? पर्वतेश्वराने शब्द दिला की गेल्या वर्षी जेवढे धान्य दिले त्याच्या दुप्पट देईन. तसे लेखी ठरले. मग तो शेतावर गेला. बायकामुले आडवी आली, गाव त्याला वेडा म्हणाले, तरी त्याने सगळे पीक आडवे केले. पुढे थंड वारा सुटला, नको त्या वेळी पाऊस पडला आणि गावाचे पीक गेले. याच्या शेतात मात्र नवे फुटवे आले आणि शतपट पिकले.

आता खरी गोष्ट पुढे आहे. पर्वतेश्वर आनंदाने अधिकाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, ठरले होते दुप्पट, पण देवाने भरपूर दिले आहे, मी तुम्हाला अर्धे देतो. अधिकाऱ्याने ते नाकारले. जे ठरले तेवढेच घेईन, जास्त घेणे धर्माला धरून नाही, अशा अर्थाचे तो बोलला.

चमत्कार शेतात झाला हे तर खरेच. पण मला विचाराल तर दुसरा चमत्कार कचेरीत झाला. देणारा स्वखुशीने देतोय, बघणारे कोणी नाही आणि घेणारा म्हणतो, नको. असा अधिकारी आणि असा रयतेचा माणूस एकाच गावात असले की त्या गावाला सार्वजनिक नीती आहे असे समजावे.

पहिला धडा : रयतेचा शब्द

पर्वतेश्वराने शब्द दिला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हते. पीक कापायचे होते, घरात विरोध होता. तरी त्याने सूट मागितली नाही, उलट दुप्पट कबूल केले. आपले आज काय चालले आहे?

मताचेच घ्या. निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकिटे फिरतात हे गावोगावी उघड गुपित आहे. पाकीट घेणारा म्हणतो, देणाऱ्याचे पाप, आपले काय जाते? कायदा तसे म्हणत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १७०व्या कलमात मतासाठी लाच देणारा आणि घेणारा दोघेही दोषी आहेत. जुन्या दंड संहितेतही तसेच होते.

कायदा बाजूला ठेवा, नुसता हिशेब करू. समजा एका मताला ५०० रुपये मिळाले. पाच वर्षांचे दिवस १,८२६ धरले तर दिवसाला साधारण २७ पैसे पडतात. आता देणाऱ्याची बाजू पाहा. समजा विधानसभेच्या एखाद्या उमेदवाराने ५० हजार माणसांना ५००-५०० वाटले, तर झाले अडीच कोटी. कायद्याने त्याला सगळ्या प्रचारावर मिळून ४० लाखच खर्च करता येतात. मग हे अडीच कोटी त्याच्या वहीत कुठे लिहिलेले असणार? आणि ते वसूल कुठून होणार? कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की प्रत्येक जमेला कुठेतरी नावे पडलेलेच असते. आपल्या घरी ५०० जमा झाले असतील तर ते रस्त्याच्या डांबराला, शाळेच्या छपराला, दवाखान्याच्या औषधाला नावे पडलेले असतात.

यावर एक उलट प्रश्न येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रोजंदारीवर जाणारी बाई म्हणते, "भाऊ, पाच वर्षांत आमच्या दारी दुसरं काय येतं? हे ५०० तरी खरे." तिचे म्हणणे खोटे नाही. पण तिच्या दारी काही येत नाही, याचे एक मोठे कारण हेच की तिच्या मताची किंमत आदल्या रात्रीच चुकती झालेली असते. ज्याने माल विकत घेतला, तो पुन्हा दुकानदाराला विचारायला येत नाही. आणि तिच्यापेक्षा जास्त दोष आपला आहे. पेन्शन येते, बागाईत आहे, घरात मोटार आहे, तरी पाकीट ठेवून घेणारे आपण.

तीच गोष्ट सरकारी योजनांची. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली, महिन्याला १,५०० रुपये. गरजू बहिणीला त्याचा आधार झाला हे मी डोळ्यांनी पाहतो. बँकेच्या दारातली रांगच ते सांगते. पण नंतर पडताळणी झाली तेव्हा सरकारी नोकरीतल्या बायका आणि चक्क पुरुषसुद्धा लाभ घेताना सापडले. अर्जाखाली हमीपत्र असते. त्यावर सही करणारा माणूस पारायणाला बसणारा असू शकतो, हीच काळजीची गोष्ट. मदत घेण्यात कमीपणा नाही, पण खोटी सही करून घेतलेली मदत म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास आहे.

दुसरा धडा : अधिकाऱ्याची मर्यादा

सगळे ओझे रयतेवर टाकून कसे चालेल? या कथेतला अधिकारी ठरल्यापेक्षा एक दाणा जास्त घेत नाही. राज्य चालवणाऱ्यांसाठी याहून थोडक्यात धडा नाही.

आपल्या तालुक्याला याचा अनुभव ताजा आहे. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. मुदत सांगितली ३१ मार्च २०२४ पर्यंत. लासलगावच्या आवारात भाव कोसळले. शेतकऱ्याने मनाशी गणित केले की मार्चअखेर थांबू. मार्च संपायच्या आधीच बंदी पुढे वाढवली, आणि ती उठली ४ मे २०२४ रोजी, तीही ४० टक्के निर्यात शुल्क लावून. शहरातल्या गृहिणीला कांदा स्वस्त मिळावा हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. सरकारला देशाचे सगळे ताट पाहावे लागते. पण तारीख सांगितली की ती पाळली पाहिजे. रयतेला वचन पाळायला सांगणाऱ्याने आपले वचन आधी पाळावे. मी मत देतो त्या बाजूचे सरकार असले तरी हे म्हटले पाहिजे, नाहीतर आपण भक्त कसले, नुसते भाट.

उलट बाजूने कर्जमाफीचे पाहा. २००८ साली केंद्राची माफी आली. ३१ डिसेंबर २००७ ला जे थकीत होते आणि फेब्रुवारीअखेर भरले गेले नाही, ते माफ. आमच्या शाखेत एक शेतकरी जानेवारीत पैसे भरून गेला होता. पोळ कांदा विकून, पोरीच्या लग्नाची तारीख पुढे ढकलून त्याने खाते बेबाक केले होते. माफी जाहीर झाल्यावर तो काउंटरशी आला. भांडला नाही. म्हणाला, "साहेब, माझी पावती परत घ्या असं नाही म्हणत. फक्त एवढं सांगा, माझं चुकलं काय?" काउंटरच्या आतल्या कोणाकडेही त्याला द्यायला उत्तर नव्हते. गावात त्याला वेडा म्हणत होते, पर्वतेश्वराला म्हणत होते तसेच.

गारपिटीने द्राक्षबाग झोपली, अवकाळीने घड कुजले, अशा माणसाला हात दिलाच पाहिजे. तिथे सरकारने कंजूषपणा करू नये. पण संकट पाहून दिलेली मदत वेगळी आणि निवडणूक पाहून दिलेली माफी वेगळी. दुसऱ्या प्रकाराने वेळेवर भरणारा माणूस एकटा पडतो, आणि पुढच्या वर्षी तोही भरायचा थांबतो. २०१७ च्या राज्याच्या माफीत नियमित भरणाऱ्यांना २५ टक्के, जास्तीत जास्त २५ हजार, असे प्रोत्साहन ठेवले गेले. रक्कम लहान असेल, पण निदान त्या शेतकऱ्याचा प्रश्न कोणाच्या तरी कानावर गेला एवढे त्यातून दिसले.

अधिकारपदाची मर्यादा सांगताना आपल्या निफाडच्या सुपुत्राचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, निफाडचा. त्यांची सगळी सुधारकी मते आपल्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसांना पटतीलच असे नाही. पण नोकरी कशी करावी हे त्यांच्याकडून शिकावे. इंग्रज सरकारला त्यांच्या सार्वजनिक कामाचा संशय होता. १८७८ मध्ये त्यांची पुण्याहून नाशिकला बदली केली, पुढच्या वर्षी धुळ्याला. त्यांनी ना नोकरीतले काम ढिले केले, ना आपली मते सोडली. पुढे १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला, तो सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक बैठक हवी याच विचाराने. देवाधर्माने राजकारणापासून दूर राहावे, असे म्हणणाऱ्यांनी हे आठवावे. देवळात प्रचार नको हे मलाही मान्य आहे. पण देवळात शिकलेली नीती मतदान केंद्राच्या दारात ठेवून आत जावे, हे मला मान्य नाही.

तिसरा धडा : युद्धकाळातली वागणूक

पर्वतेश्वर पीक कापत होता तेव्हा गाव आरडाओरड करत होते. तो आपले काम करत राहिला. इथे मला अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी दोन आठवतात. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला ते सांगितले आहेत.

एक गुरू बाण करणारा कारागीर. बाण सरळ करण्यात तो इतका गढला होता की राजाची मिरवणूक वाजत गाजत शेजारून गेली, ती त्याला कळली नाही. निफाडकरांना हा गुरू शोधायला लांब जायला नको. ओझरचा विमानांचा कारखाना आपल्याच तालुक्यात आहे. १९६४ मध्ये मिग विमानांसाठी तो उभा राहिला. पुढे तिथे सुखोई तयार झाली. सुखोईला ब्राह्मोस क्षेपणास्त्र जोडून पहिले उड्डाण २५ जून २०१६ रोजी तिथूनच झाले. २०२५ मध्ये २६ सप्टेंबरला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले आणि १७ ऑक्टोबरला ओझरच्या धावपट्टीवरून तिथे बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. ऑपरेशन सिंदूरच्या रात्री टीव्हीसमोर जो गलका चालला होता, त्यात त्या कारखान्यातल्या कामगाराचा आवाज नव्हता. त्याचे काम आधीच झालेले होते.

दुसरी गुरू म्हणजे साळी कांडणारी कुमारी. घरी पाहुणे आलेले. कांडताना हातातल्या बांगड्या वाजू लागल्या, तेव्हा तिने एकेक करून त्या उतरवल्या आणि प्रत्येक हातात एकच ठेवली. आवाज थांबला, काम चालू राहिले. मे महिन्यातल्या त्या चार दिवसांत आपल्या मोबाइलांच्या बांगड्या किती वाजल्या आठवा. जुनी चित्रफीत नवी म्हणून, दुसऱ्या देशातली आपली म्हणून, एवढेच काय, खेळातल्या लढाईची चित्रे खरी म्हणून पुढे ढकलली गेली. सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका, असे केंद्र सरकारने २६ एप्रिललाच वाहिन्यांना बजावले होते. ७ मेच्या नागरी संरक्षणाच्या सरावाच्या यादीत नाशिक, मनमाड, सिन्नर ही नावेही होती. म्हणजे युद्ध आपल्या दारापासून फार दूर नव्हते. तरी आपल्याला तो क्रिकेटचा सामना वाटत होता.

मी युद्धाच्या विरोधात बोलतो आहे असे कृपया समजू नये. धर्म विचारून माणसे मारणाऱ्यांना उत्तर द्यायलाच हवे होते. दुर्जनाला शासन करणे हा राजधर्म आहे, आणि सैन्याने तो बजावला. पण शौर्य त्यांचे, मग उन्माद आपला कशासाठी? जवान जीव पणाला लावतो तेव्हा नागरिकाने काय पणाला लावायचे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा आहे.

आधीच्या पिढीने याचे उत्तर दिले होते. १९६२ च्या नोव्हेंबरात चीनच्या युद्धात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. १९६३ मध्ये त्यांना लोकसभेवर जायचे होते, तेव्हा आपल्या नाशिक मतदारसंघाने त्यांना बिनविरोध पाठवले. देशावर वेळ आली होती आणि पक्षापक्षांनी आपली हौस बाजूला ठेवली. त्याच काळात बायाबापड्यांनी अंगावरचे सोने राष्ट्रीय संरक्षण निधीला दिले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडायला सांगितले, कारण गहू परदेशातून आणावा लागत होता. लोकांनी ते ऐकले. गुरुवार करणाऱ्या आपल्या घरांना उपास नवा नव्हता. एक उपास देवासाठी, एक देशासाठी, एवढे साधे ते गणित होते.

आज पंतप्रधानांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, एक वेळ उपाशी राहा म्हटले तर किती घरांत चूल बंद राहील? हा प्रश्न मी आमच्या अभ्यासवर्गात विचारला. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग एक आजी म्हणाल्या, "आधी सांगणाऱ्याच्या घरी बंद होते का ते बघू." आजींच्या बोलण्यात दोन्ही धडे आले, रयतेचाही आणि अधिकाऱ्याचाही.

वर्षभराचा नेम

अभ्यास म्हटला की शेवटी आचरण आले. पुढच्या दत्तजयंतीपर्यंत पाळता येईल असा पाच कलमी नेम सुचवतो. ज्याला जेवढे जमेल तेवढे घ्यावे, पण घेतले तर मोडू नये.

१. मतासाठी पैसा, भांडे, साडी, जेवण काहीही घेणार नाही. दारात आलेल्याला हात जोडून "आमच्याकडे दत्ताचे आहे, चालत नाही" एवढेच म्हणावे. भांडण करायला नको.

२. खोट्या हमीपत्रावर सही करणार नाही. घरातल्या कोणी चुकीचा लाभ घेतला असेल तर तो बंद करण्याचा अर्ज करू.

३. कर्ज, पतसंस्थेचा हप्ता, घरपट्टी, पाणीपट्टी मुदतीत भरू. अडचण असेल तर तोंड न लपवता जाऊन सांगू.

४. युद्ध, दंगल, अपघात यांची खात्री नसलेली बातमी किंवा चित्रफीत पुढे पाठवणार नाही. त्या वेळात पाच मिनिटे नामस्मरण करू.

५. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून तो पाळला जातो. त्या निधीतून माजी सैनिक आणि वीरपत्नींच्या कल्याणाची कामे होतात. २०२५ मध्ये दत्तजयंती ४ तारखेला होती, म्हणजे प्रसाद संपला तोच ध्वजदिन आला. घरटी एक दिवसाच्या भाजीचे पैसे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या निधीला द्यावेत आणि पावती घ्यावी. पावती घेण्यात अविश्वास नाही, ती शिस्त आहे.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. पर्वतेश्वराने दुप्पट देण्याचे कबूल केले होते. मग तो अर्धे पीक द्यायला का निघाला?

२. अधिकाऱ्याने अर्धे पीक घेतले असते तर तो गुन्हा ठरला असता का? नसेल, तर त्याने ते का नाकारले?

३. आपल्या घरी गेल्या पाच वर्षांत अशी कोणती गोष्ट आली, जिची पावती आपल्याला दाखवता येणार नाही?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्गात मोठ्याने द्यायची गरज नाही. घरी गेल्यावर दत्तासमोर निरांजन लावावे, वही उघडावी आणि ज्याने त्याने आपले आपण जुळवून पाहावे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥